सानचिन: गोजू-ऱ्यूचा पाया

गोजू-ऱ्यू ही कराटेची शैली शिकायला आलेल्याला लाथा हव्या असतात आणि हाती पडतो सानचिन. संथ काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम: मोजकी पावले, तेच ते ठोसे. कंटाळा येणारच. पण ही शैली कुठून आली हे शोधायचे असेल, तरी याच कातापाशी यावे लागते.

जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या नाहा बंदराचा चीनमधल्या फूझौशी जुना व्यापार होता. १८५३ साली जन्मलेले हिगाओन्ना कानऱ्यो फूझौला जाऊन शिकले आणि परतल्यावर नाहात शिकवू लागले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी शैलीला गोजू हे नाव दिले. १९३३ मध्ये दाई निप्पॉन बुतोकुकाई या जपानी युद्धकलांच्या संस्थेकडे त्याची नोंद झाली. आज शिकवल्या जाणाऱ्या बारा कातांपैकी दोन गेकिसाई मियागींनी १९४० मध्ये नवशिक्यांसाठी रचले, तेन्शोही त्यांचाच. तेव्हा बाराच्या बारा काता प्राचीन असल्याचे कुणी सांगितले, तर मान डोलवू नका.

सानचिन मात्र जुना. उएची-ऱ्यू या दुसऱ्या कराटे शैलीचे जनक उएची कानबुन १८९७ मध्ये फूझौला गेले. त्यांच्या शैलीत सानचिन उघड्या पंजाने करतात, आपल्या गोजू-ऱ्यूत मूठ वळून. फूझौ ज्या प्रांतात आहे त्या फूजियानच्या श्वेत क्रौंच या युद्धकलेतही त्याचा भाऊबंद आहे. तिन्ही शेजारी ठेवून बघा: आत ओढलेली कोपरे जुळतात, हात आणि श्वास वेगळे पडतात. मुळाचा माग काढायला वंशावळी पाठ करण्यापेक्षा ही तुलना अधिक कामाची.

आता उभे राहा. पायांत खांद्यांइतके अंतर. पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पायाची बोटे एका आडव्या रेषेत, पुढचे पाऊल किंचित आत वळलेले. गुडघे थोडे वाकवून आत, कंबरेचे हाड खालून पुढे घेतलेले. मुठी खांद्याच्या उंचीला, कोपर बरगड्यांपासून मूठभर दूर. पाऊल टाकताना पाय आतून अर्धगोल फिरवायचा आणि डोके वर-खाली होऊ द्यायचे नाही. मूठ मागे घेताना नाकाने श्वास आत, ठोशाबरोबर तोंडाने बाहेर. पण सगळा रिकामा करायचा नाही.

बिघडते ते बहुधा खांद्यांत. ताकद लावायला सांगितली की खांदे कानाकडे चढतात, काखेखालचा स्नायू सुटतो आणि ठोसा नुसत्या दंडाचा उरतो. दुसरी चूक जास्त घातक: श्वास कोंडून अंग आवळणे. त्याने रक्तदाब झपाट्याने वाढतो, चक्कर येते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हा काता सैल अंगाने, मोकळ्या श्वासावर करावा, तोही डॉक्टरांना विचारून. घशातून घरघर काढणे म्हणजे खोल श्वास नव्हे; तो आवाज गळा आवळल्याचा असतो.

शिमे म्हणजे शिक्षकाने खांदे, कुशी, मांड्या थापटून पाहणे. कुठे ढिले पडले आहे ते विद्यार्थ्याला कळावे, इतकाच त्याचा हेतू. प्रात्यक्षिकांत पाठीवर वळ उठेपर्यंत जे मारतात तो तमाशा. नवशिक्याला तर पहिले काही महिने तळहाताचा हलका दाबच पुरतो, कारण जोराच्या थापेला तो खांदे चढवूनच उत्तर देतो.