समासातली पेन्सिल

(दृश्य: उघडं पुस्तक, अगदी जवळून. पानाच्या कडेला पेन्सिलीने मांडलेली बेरीज.)

पान पिवळं पडलंय, पण आकडे अजून लागतात. ३१२. त्याखाली ५०, पुन्हा ५०, मग ६०. रेघ. ४७२. त्यात आणखी १०, आणि उत्तर ४८२. या उत्तराभोवती पेन्सिल दोनदा फिरली आहे, इतकी जोरात की मागच्या पानावर वळ उठलाय.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या शेवटी ही बेरीज येते. हॉगवर्ट्स ही जादूची शाळा, तिथे चार हाऊस. वर्षभर गुण मिळतात, गुण कापले जातात, आणि शेवटच्या मेजवानीत चषक दिला जातो. स्लिदरिन ४७२ वर पहिलं, रेव्हनक्लॉ ४२६, हफलपफ ३५२, आणि हॅरीचं ग्रिफिंडॉर ३१२ वर, तळाला. सभागृह स्लिदरिनच्या हिरव्या-रुपेरी रंगांनी सजलेलं आहे. स्लिदरिनची मुलं टेबलं बडवतायत. सलग सातवं वर्ष त्यांचं आहे. आणि तेवढ्यात मुख्याध्यापक डंबलडोर म्हणतात, थांबा, काही गुण द्यायचे राहिलेत. हॅरीचे मित्र रॉन आणि हर्मायनी यांना ५०-५०, हॅरीला ६०. बरोबरी होते. मग नेव्हिल लाँगबॉटम नावाच्या धांदरट मुलाला १०, मित्रांना अडवायची हिंमत दाखवली म्हणून. डंबलडोर टाळी वाजवतात आणि हिरव्याचं लाल होतं.

(दृश्य: समासातलं काळ्या पेन्सिलीचं वाक्य.)

काळ्या पेन्सिलीने लिहिलंय: "हे बरोबर नाही. द्यायचे तर आधी द्यायचे. सगळ्यांसमोर काढून घेतलं."

हे लिहिणारी तेव्हा दहा वर्षांची होती. ही पुस्तकं तिची. आता तीच पुस्तकं तिची भाची वाचते आहे, आणि भाचीच्या हातात निळी पेन्सिल आहे.

(दृश्य: निळी अक्षरं. बोट ओळीवरून सरकतं.)

निळ्या पेन्सिलीचं म्हणणं असं: "मावशी, त्या रात्री तिघांचे ५०-५० कापले. मालफॉयचे फक्त २०. ते बरोबर होतं?"

पंधराव्या प्रकरणापर्यंत मागे जाऊन पाहिलं तर तसंच आहे. मध्यरात्री खोलीबाहेर सापडले म्हणून हॅरी, हर्मायनी आणि नेव्हिल यांचे प्रत्येकी ५० गेले, एका फटक्यात १५०. त्याच रात्री त्याच गुन्ह्याला स्लिदरिनच्या मालफॉयला २०. नेव्हिल तर नुसता सावध करायला आला होता. म्हणजे दहा वर्षांच्या एका मुलीने निकालावर हरकत घेतली, आणि कित्येक वर्षांनी दुसरीने त्याच पुस्तकातला पुरावा काढून तिला उत्तर दिलं. दोघींनीही आकडे तपासलेत. मुलांचं मत विचारायचं म्हणजे "आवडलं का गं?" एवढंच विचारायचं, अशी आपल्याला सवय आहे. या पानावर त्यापलीकडचं बरंच आहे, म्हणून कॅमेरा इथे जरा जास्त थांबला.

(दृश्य: पहिल्या आवृत्तीचं पान ५३.)

आता हे दुसरं पान. पहिल्या आवृत्तीचं पान ५३. हॉगवर्ट्सला जाताना काय काय न्यायचं त्याची यादी. झगे, टोपी, पुस्तकं, कढई, दुर्बीण. या यादीत "१ कांडी" दोनदा छापली गेली. पुढच्या छपायांमध्ये दुरुस्ती झाली, पण आजही पहिल्या छपाईची प्रत ओळखताना संग्राहक आधी हे पान उघडतात.

ब्लूम्सबरी या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने २६ जून १९९७ ला हे पुस्तक काढलं. पुठ्ठा बांधणीच्या प्रती अवघ्या ५००, त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या. लेखिका जे. के. रोलिंग तेव्हा कुणाला माहीत नव्हत्या. त्याआधी कितीतरी प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं. लांब आहे, निवासी शाळेच्या गोष्टी आता कोण वाचतं, अशी तेव्हाची समजूत. ब्लूम्सबरीत हस्तलिखित आलं तेव्हा संस्थेचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी पहिलं प्रकरण घरी नेलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातात ठेवलं.

ती वर गेली, वाचून खाली आली, आणि पुढचं मागू लागली. तिने वडिलांना एक चिठ्ठीही लिहून दिली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येतील अशा उत्तम पुस्तकांपैकी हे एक असावं, असं त्या चिठ्ठीत होतं. "असावं" हा शब्द तिचा. मोठ्या माणसाने जाहिरातीत असा जपून शब्द वापरला नसता. हिशेब झाले, करार झाला, ते सगळं त्यानंतर. या पुस्तकाचं पहिलं परीक्षण एका मुलीने लिहिलं आणि प्रकाशकाने ते ऐकलं, एवढं खरं.

(दृश्य: पुस्तकाच्या कव्हरवरचं पुरस्काराचं सोनेरी चिन्ह.)

कव्हरवरचं हे सोनेरी चिन्ह स्मार्टीज पुरस्काराचं. ब्रिटनमधल्या या पुरस्काराची रीत वेगळी होती. मोठ्यांचं मंडळ तीन-तीन पुस्तकं निवडायचं आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य कुणाला हे शाळेतली मुलं ठरवायची. १९९७, १९९८, १९९९. नऊ ते अकरा वयोगटात सलग तीन वर्षं मुलांनी सुवर्ण हॅरी पॉटरच्या पहिल्या तीन भागांना दिलं. चौथ्या वेळी रोलिंग यांनी आपलं पुस्तक स्पर्धेतून बाजूला ठेवलं.

मोठ्यांचं मत वेगळं पडलं. व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्कारात तिसऱ्या भागाला बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं, पण वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक निवडायची वेळ आली तेव्हा चुरस होऊन कवी सीमस हीनी यांचं बेवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचं भाषांतर निवडलं गेलं. ते भाषांतर थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. जुलै २००० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिलं की साडेतीन कोटी खरेदीदारही चुकू शकतात, यातली भाषा घासून गुळगुळीत झालेली आहे. २००३ मध्ये ब्रिटिश कादंबरीकार ए. एस. बायट यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठी माणसं ही पुस्तकं का वाचतात यावर टीका केली. दोन्ही लेख अभ्यासू माणसांचे, वाचण्यासारखे. पण दोन्हींत वाचणारी मुलं बोलत नाहीत. त्यांची मोजदाद खरेदीदार म्हणून होते.

(दृश्य: चौथा भाग. शेवटाकडच्या एका पानावर काळं उद्गारचिन्ह.)

म्हणून पुन्हा समासाकडे. चौथा भाग, जुलै २००० चा. स्मशानात हॅरीची कांडी आणि त्याच्या आईवडिलांना मारणाऱ्या व्होल्डेमॉर्टची कांडी एकमेकींना भिडतात, आणि व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून तिने मारलेल्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर येऊ लागतात. शेवटचा बळी आधी. हॅरीच्या शाळेतला सेड्रिक, मग म्हातारा माळी, मग बर्था नावाची बाई. आता हॅरीचे आईवडील. वडील आधी मारले गेले, आई नंतर. म्हणजे उलट्या क्रमात आई आधी यायला हवी.

पहिल्या छपाईत वडील आधी येतात.

मावशीची प्रत त्याच छपाईतली. समासात एक उद्गारचिन्ह आणि दोन नावांना जोडणारे दोन बाण, एक वर, एक खाली. ही चूक जगभरात कित्येक वाचकांच्या नजरेला आली आणि नंतरच्या छपायांत क्रम सुधारला गेला. मार्कस फ्लिंटचंही तसंच. क्विडिच या झाडूवर बसून खेळायच्या खेळात स्लिदरिनच्या संघाचा हा कप्तान पहिल्या भागात सहाव्या वर्षात आहे असं छापलं गेलं, आणि तिसऱ्या भागातही तो खेळतोच आहे. शाळा तर सात वर्षांची. हेही वाचकांनीच पकडलं, आणि पुढे पहिल्या भागात त्याला एक वर्ष मागे नेलं गेलं. पुस्तकावर इतकं बारीक लक्ष प्रूफ तपासणाऱ्याचंही नसतं. प्रेम असल्याशिवाय कुणी बाण काढत बसत नाही.

(दृश्य: पाचवा भाग, तराजूवर ठेवल्यासारखा दोन हातांत.)

पाचव्या भागाचं वजन पाहा. २००३, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानं. पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडलाय, चिकटपट्टी लावली आहे. या भागावर वाचकांची सर्वांत जास्त भांडणं होतात. हॅरी पंधराचा झालाय आणि सतत चिडतो. मित्रांवर ओरडतो ती वाक्यं मोठ्या अक्षरांत छापली आहेत, अर्धं अर्धं पान.

काळी पेन्सिल: "बास कर आता."

निळी पेन्सिल: "त्याला कुणी काही सांगतच नाही ना."

इथे आमचं मत निळ्या पेन्सिलीच्या बाजूने. मागच्याच वर्षी सेड्रिक त्याच्या डोळ्यांसमोर मेला. सगळा उन्हाळा त्याला मावशी-काकांच्या घरी ठेवलं, आणि मित्रांना बजावलं की त्याला काही कळवू नका. मोठी माणसं त्याच्या भल्यासाठी गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याची किंमत पुस्तकाच्या शेवटी हॅरीचा धर्मपिता सिरियस जीव देऊन चुकवतो. डंबलडोर स्वतः कबूल करतात की चूक माझी. भाचीने त्या कबुलीखाली निळी रेघ ओढली आहे. मावशीने ओढली नव्हती.

(दृश्य: चौथ्या भागातलं एक पान. दोन्ही रंगांच्या पेन्सिली एकाच ओळीखाली.)

एका जागी मात्र काळी आणि निळी रेघ एकमेकींवर आली आहे. हर्मायनी घरगड्यासारखं राबणाऱ्या एल्फ लोकांसाठी संघटना काढते, बिल्ले करते, वर्गणी मागते, आणि जवळचे मित्रसुद्धा तिची टर उडवतात. चित्रपटांतून हा धागा वगळला. त्यामुळे नुसते चित्रपट पाहिलेल्यांना ही हर्मायनी भेटतच नाही. कुणाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, कुणाला वाटतं लेखिकेनेही तिची जरा जास्तच चेष्टा होऊ दिली. या दोघी मात्र बिल्ल्याच्या बाजूने आहेत. भाचीने कागदाचा बिल्ला करून पानात ठेवलाय. तो इथे दिसतोय.

(दृश्य: ग्रंथालयाचं रिकामं कपाट. मग भरलेलं.)

याच पुस्तकांवर बंदी आली तीही मुलांसाठीच, असं सांगून. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, झीलंडच्या शाळांमध्ये ती वर्गात मोठ्याने वाचायला मनाई झाली आणि ग्रंथालयात पालकांच्या परवानगीची अट आली. मुलांनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. त्यातूनच "मगल्स फॉर हॅरी पॉटर" हा गट उभा राहिला; मगल म्हणजे या पुस्तकांतली जादू न येणारी माणसं. मे २००० मध्ये बहुतेक बंधनं उठली. आर्कान्सॉमधल्या सीडरव्हिलला ग्रंथालयाच्या समितीने १५ विरुद्ध शून्य मतांनी पुस्तकं ठेवायचं ठरवलं, तरी शाळा मंडळाने ३ विरुद्ध २ ने ती कपाटातून काढली. चौथीतल्या एका मुलीचे पालक न्यायालयात गेले. एप्रिल २००३ मध्ये पुस्तकं परत कपाटात आली.

(दृश्य: खिडकीशी भाची, हातात सहावा भाग. आवाज फक्त पान उलटल्याचा.)

सहावा भाग. ती एका ओळीशी बराच वेळ थांबली. आम्ही काही विचारलं नाही.

(दृश्य: टेबलावर सातवा भाग, मिटलेला. मावशीचा हात तो शेवटच्या पानांपाशी उघडतो.)

सातवा भाग २१ जुलै २००७ चा. शेवटचं प्रकरण एकोणीस वर्षांनंतरचं. स्टेशनवर हॅरीचा मुलगा उभा आहे, त्याचं नाव आल्बस सेव्हरस. डंबलडोर आणि स्नेप. ज्या शिक्षकाने हॅरीला सहा वर्षं वर्गात घालूनपाडून बोललं, त्याचं नाव मुलाला. स्नेप शूर होता याबद्दल दुमत नाही. पण शूर माणूस वर्गातल्या नेव्हिलशी तसा वागला, त्याचं काय करायचं, यावर वाचक आजही दोन तटांत आहेत.

मावशीने त्या नावाखाली एकच शब्द लिहिलाय. "का?"

खालचा समास कोरा आहे. भाची अजून सहाव्या भागाच्या मधेच आहे, आणि मावशीने तिला यातलं काही सांगितलेलं नाही. टेबलावर पुस्तकाशेजारी तिने निळी पेन्सिल टोक करून ठेवली आहे.