गोळी बंद करायची घाई नको

नमस्कार श्रोतेहो. कापसाची वेचणी सुरू आहे. वेचता वेचता कुणी म्हणतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, चार घास खाल्ले की पोट भरतं. आपल्या विदर्भात पहिली शंका हिवतापाची येते, मग सिकलसेलची. ती रास्तच आहे, दोन्हींत पाणथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, सुजते. पण आणखी एक कारण असू शकतं आणि त्याचा सुगावा साध्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत लागतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी एरवी ४ ते ११ हजार असतात. या आजारात त्या अनेकदा लाखाच्या वर जातात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग.

अंगात जंतू शिरला की पांढऱ्या पेशींच्या आत निरोप फिरतो : वाढा, कामाला लागा. हा निरोप पुढे नेणारी प्रथिनं म्हणजे कायनेज. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून ती दुसऱ्या प्रथिनाला जोडतात आणि ते प्रथिन जागं होतं. जंतू गेला की निरोपही थांबतो. या आजारात हाडाच्या मगजातल्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होतं. एबीएल मुळात आवरातलं कायनेज. जोड लागली की आवर सुटतो. मोटारपंपाच्या स्टार्टरचं बटण आत अडकावं आणि पाणी धुरा ओलांडून गेलं तरी मोटार चालूच राहावी, तसं. पेशी लाखांनी वाढतात, रोगाशी लढायचं बळ मात्र वाढत नाही. हा बिघाड जन्मानंतर होतो. तो आईबापाकडून येत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावू नका.

या अदलाबदलीत छोटं झालेलं २२ क्रमांकाचं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात सापडलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी तुकड्यांची अदलाबदल दाखवली. २००१ मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. ही गोळी कायनेजमधली एटीपीची जागाच अडवते. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

आता कळकळीची गोष्ट. गोळी लागू पडली की पाणथरी ओसरते, माणूस वावरात जायला लागतो आणि घरातलंच कुणी म्हणतं, आता कशाला गोळ्या? इथेच घात होतो. रोगट पेशी मोजणीत दिसेनाशा झाल्या तरी उरलेल्या असतात. बीसीआर-एबीएल पुन्हा मोकळं सुटलं की पेशींत नवे बिघाड साचतात. कधी कायनेजचीच घडण अशी बदलते की गोळी तिथे बसत नाही. पुढे ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी रक्तात भरतात, तेव्हा इलाज फार अवघड होतो. उलट गोळी लागू पडलेली आणि ती नेमानं घेणारी माणसं जवळपास इतरांइतकंच जगतात. काहींची गोळी काही वर्षांनी थांबवतातही, पण ते डॉक्टरांनी, तपासण्या बघून ठरवायचं.

गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्यानं घ्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. डोळ्यांभोवती सूज आली, पायांत गोळे आले तर डॉक्टरांना सांगा. रक्तात उरलेलं बीसीआर-एबीएल शोधणाऱ्या पीसीआर तपासणीची तारीख वेचणीत आली तरी नागपूरला, सेवाग्रामला, जिथे उपचार चालू असतील तिथे जाच. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. आणि ज्या बहिणींना मूल हवं आहे त्यांनी दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण इमॅटिनिबनं गर्भाला इजा होऊ शकते.