इझी रनवाला विश्वास

(दृश्य: पहाट, रस्त्याचे दिवे अजून चालू, आठ-दहा जणांचा घोळका पळतोय)

ही माणसं दिसतायत ना, यांचा पेस बघा. हळू. म्हणजे इतका हळू की पळता पळता गप्पा मारता येतील, आणि दोघं-तिघं मारतायत पण. बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं, असं तर कुणीपण पळेल. पण हे सगळे मॅरेथॉनची तयारी करतायत, ४२.१९५ किलोमीटर, आणि अशा तयारीतलं बहुतेक पळणं असंच असतं, इझी रन. कारण आतली कामं याच स्पीडला होतात, स्नायूंमधल्या बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबीवर चालायला शिकतं. यातलं काहीच फोटोत येत नाही. फोटो येतो मेडलचा.

विश्वासात वाढण्याचं पण तेच आहे. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपण काय सांगतो, ते शिबिर, ती उपासप्रार्थनेची रात्र, गाणं चालू असताना डोळ्यांत आलेलं पाणी. त्या रात्री खोट्या नसतात हां, मी नावं ठेवत नाहीये. पण ते रेसचे दिवस झाले. वाढ होते ती एखाद्या साध्या मंगळवारी, झोप पुरती गेलेली नसताना एक स्तोत्र वाचलं, अर्ध डोक्यात गेलं, अर्ध नाही, दोन मिनिटं प्रार्थना केली आणि कामाला लागलो, असल्या दिवसांत. त्या दिवशी काहीच वाटत नाही. इझी रनला पण काही वाटत नाही, म्हणून तर नवीन लोकांना तो बोअर होतो.

(दृश्य: रस्त्याकडेला बसलेला एक जण, हात नडगीवर)

हा बघा नवीन. याचं काय झालं सांगतो. पळायला लागलं की दम लवकर वाढतो, काही आठवड्यांत फरक कळतो, हृदय आणि फुप्फुसं पटकन ऐकतात. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, मात्र आपल्या सवडीने येतात, त्यांना महिने लागतात. मग माणसाला वाटतं आपल्याला जमतंय की, तो अंतर वाढवतो, स्पीड वाढवतो, आणि एक दिवस नडगी ठणकायला लागते. शिन स्प्लिंट्स.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असे किती पाहिलेत. नुकताच प्रभूकडे आलेला पोरगा, उत्साह ओसंडून वाहतोय, मग त्याला गाण्यात घेतात, संडे स्कूल देतात, तरुण संघाचा सेक्रेटरी करतात, आणि वर्षभराने तो दिसेनासा होतो आणि सगळे म्हणतात विश्वास कच्चा होता. विश्वास कच्चा नव्हता, लोड जास्त होता.

प्रेषित पौलाला हे खेळाचं जग चांगलं माहीत असणार. ग्रीसमधल्या करिंथात तो दीड वर्ष राहिला, आणि करिंथच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरायचे. बक्षीस काय, तर पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर सुकलेल्या सेलरीचा मुकुट. म्हणून तो करिंथकरांना लिहितो की ते लोक नाश पावणाऱ्या मुकुटासाठी एवढं सगळं सोसतात, आपला तर नाश न पावणारा आहे. आपण वाचताना मुकुटावर थांबतो. पण त्याच ओळीत तो म्हणतो की स्पर्धेत उतरणारा सगळ्याच बाबतीत स्वतःला आवरतो. सगळ्याच. ऑलिंपियाला, म्हणजे जुन्या ऑलिंपिकला, तर खेळाडूंना शपथ घ्यावी लागायची की दहा महिने नियमाने सराव केलाय. शर्यत संपायची काही मिनिटांत, सराव दहा महिने, आणि त्या दहा महिन्यांतल्या एकाही सकाळी टाळ्या नाहीत.

(दृश्य: लाँग रनचा शेवट, चेहरे उतरलेले, एक जण चालायला लागलाय)

आता भिंतीबद्दल, म्हणजे मॅरेथॉनमधला तो टप्पा जिथे पळणारा एकदम अडतो. ३०-३२ किलोमीटरच्या आसपास बऱ्याच जणांचं ग्लायकोजेन संपत येतं, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, आणि मग पाय एकदम शिशाचे होतात, डोकं पण साथ सोडतं, चिडचिड होते, उगाच रडू येतं. हे मनाच्या कमजोरीने होत नाही, टाकी रिकामी झालेली असते. त्याला उपाय जिद्द नाही, उपाय आधीपासून थोडं थोडं खात राहणं.

पवित्र शास्त्रात याचं सगळ्यात भारी उदाहरण मला एलीया संदेष्टा वाटतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, मग अहाब राजाच्या रथापुढे तो इज्रेलपर्यंत पळत गेला, पंचवीसेक किलोमीटर तरी असतील. आणि लगेच पुढच्या अध्यायात तोच माणूस ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतोय, रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो पुरे झालं देवा, माझा प्राण घे. आता देव काय करतो बघा. लेक्चर देत नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो! मग पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो, कारण पुढे लांब जायचंय. प्रश्न विचारायचं काम होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आधी रिकव्हरी.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो)

एरिक लिडेल लांब पल्ल्याचा धावपटू नव्हताच, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय होत नाही. १९२४ पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी, प्रभूच्या दिवशी होती म्हणून तो धावला नाही, आणि मग ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदात गोल्ड. हे सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचं जास्त आवडतं. १९२५ ला तो मिशनरी म्हणून चीनला गेला, तिथे शिकवलं, सेवा केली, आणि १९४३ ला जपान्यांनी त्याला तिथल्याच वेइशिएनच्या कैद्यांच्या छावणीत टाकलं. छावणीतल्या पोरांचे खेळ तोच घ्यायचा, पण रविवारी नाही, तत्त्व तत्त्व होतं. मग एका रविवारी पोरं स्वतःच हॉकी खेळली आणि मारामाऱ्या झाल्या. त्यानंतर लिडेल रविवारी रेफरी म्हणून उभा राहिला. ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली तो! काही जण याला तडजोड म्हणतील, म्हणू देत. मला यात वीस वर्षांचं चालणं दिसतं, रविवार कुणाचा आहे हे त्याला पॅरिसपेक्षा छावणीत जास्त कळलं असावं. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटका व्हायच्या काही महिने आधी, तो तिथेच वारला. ४३ वर्षांचा होता.

(दृश्य: परत घोळका, आता विस्कटलेला)

इब्री लोकांच्या पत्रातला बारावा अध्याय धावणाऱ्यांच्या टीशर्टवर असतो, साक्षीदारांचा मेघ, नेमून दिलेली धाव धीराने धावा वगैरे. पण पुढे वाचा, बाराव्या-तेराव्या वचनात गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे आलेत, आणि म्हटलंय की वाटा सरळ करा, म्हणजे जो लंगडतोय त्याचा सांधा निखळणार नाही, उलट बरा होईल. हे कुणी टीशर्टवर छापत नाही. लंगडणारा शर्यतीतून बाद नाहीये, आणि वाट सरळ करायचं काम बाकीच्यांचं आहे.

ग्रुपमध्ये इझी रनच्या दिवशी पेस सगळ्यात हळू पळणाऱ्याचा असतो, निदान असायला हवा. तो निळ्या टीशर्टवाला बघा, मघाशी सगळ्यात पुढे होता, आता मुद्दाम मागे आलाय त्या नडगीवाल्याबरोबर चालायला. घड्याळात आज त्याचा पेस एकदम घाण दिसणार, आणि त्याला ते माहितीये.