कागदावरचा ‘डे’ कसा मोजायचा

मंडळी, संडे-मंडे आपण पहिली-दुसरीतच पाठ करतो आणि ‘डे’ म्हणजे दिवस, एवढ्यावर पुढे आयुष्य काढतो. पण तिकिटावर, चेकवर, बँकेच्या पत्रात हा ‘डे’ प्रत्येक ठिकाणी वेगळा मोजला जातो. मोजणी चुकली की हक्काचा पैसा जातो, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

आधी भुसावळ स्टेशन. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००.२०. आपला पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे बारानंतरची वेळही आपल्या मनात ‘आजचीच रात्र’ असते. रेल्वेचा दिवस मात्र मध्यरात्री पालटतो. म्हणजे १४ तारखेला जेवण उरकून निघायचं. १५ ला रात्री बॅगा घेऊन फलाटावर गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

बँकेचा ‘वर्किंग डे’ तसा सोपा: रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि बँकेच्या सुट्ट्या वगळायच्या. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे कापले गेले, तर मात्र हे वर्किंग डे लावायचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकात ‘टी प्लस ५’ अशी मुदत आहे. ‘टी’ म्हणजे व्यवहाराची कॅलेंडरवरची तारीख. पाच दिवसांत पैसे परत जमा झाले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. कुणी ‘साहेब, मध्ये रविवार आला’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता चेक. आपल्या रावेर-यावल पट्ट्यात हा विषय घरोघरचा आहे. केळीचे घड कापून ट्रक भरून जातो, व्यापारी चेक देतो आणि तो परत येतो. वर्षभर पाणी देऊन, खतं घालून बाग जगवलेली असते हो! कायदा इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे, पण तारखांच्या बाबतीत फार कडक आहे.

चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. तो न वटल्याचा मेमो, म्हणजे बँकेची लेखी चिठ्ठी, हातात आली की ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. मेमो मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, हा ‘फ्रॉम’ शब्दाचा कायद्यातला अर्थ. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे हे सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये तो दिला आहे. मेमो १० मार्चला मिळाला तर शेवटची तारीख ९ एप्रिल. रविवार, सण, सगळे त्यात आले. नोटीस पाठवणं हे कोर्टातलं काम नव्हे, त्यामुळे शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर एक दिवस वाढेल, या भरवशावर राहू नका. मेमो मिळाला की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

नोटीस व्यापाऱ्याच्या हाती पडल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस. समजा ती २५ जानेवारीला पोचली. १५ दिवस ९ फेब्रुवारीला संपले, १० ला तुमचा कोर्टात तक्रारीचा हक्क उभा राहिला. इथून तक्रार दाखल करायला मिळतो एक महिना. लक्षात घ्या, ३० दिवस नव्हे, महिना! १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साकेत इंडियाच्या खटल्यात सांगितलं, की हक्क उभा राहिला तो दिवस सोडून मोजायचं. म्हणजे १० मार्चपर्यंत. फेब्रुवारी २८ चा असेल तर हातात २८ दिवसच. तीस धरून १२ मार्चला गेलात, तर मुदत टळलेली.

त्या शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी तक्रार चालते. उशिराला सबळ कारण दाखवता आलं तर तक्रारीचा उशीर कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र ती सोय नाही.