एकही हंगाम न चुकवलेला संघ

श्रोतेहो, नमस्कार.

1979 साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात दहा संघ होते. त्यांतला एकही हंगाम न चुकवता आजवर खेळत आलेला संघ एकच. तो ना सिडनीचा, ना मेलबर्नचा. तो वुलनगाँगचा, इलावारा हॉक्स. इलावारा हे वुलनगाँगच्या परिसराचं नाव. सिडनीच्या दक्षिणेला साधारण 80 किलोमीटरवर, समुद्र आणि डोंगरकडा यांच्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसलंय. कड्याच्या पोटात कोळसा आणि पोर्ट केम्बलाला पोलादाचा कारखाना.

पहिली जवळजवळ वीस वर्षं संघ बीटन पार्कच्या लहानशा स्टेडियममध्ये खेळला. त्याचं बोलीतलं नाव 'स्नेकपिट', म्हणजे सापांचा खड्डा. पाहुण्या संघाला तिथे काय वाटत असेल, ते नावातच आलं. 1998 मध्ये लीगने हिवाळा सोडून उन्हाळा धरला आणि त्याच वर्षी हॉक्स समुद्राकाठच्या नव्या, सुमारे 6,000 खुर्च्यांच्या सभागृहात गेले.

आता हा हिशेब ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 28 सामन्यांच्या हंगामात घरचे सामने 14. सगळ्या खुर्च्या भरल्या तरी वर्षाला 84,000 तिकिटं, त्याहून एकही जास्त नाही. उरलेल्या साडेतीनशे रात्री गल्ला बंद. खेळाडूंचे पगार, विमानाची तिकिटं आणि मुक्काम मात्र सुरूच. पर्थला जायचं तर अख्खा देश ओलांडावा लागतो. महानगरातल्या संघाला एक प्रायोजक सोडून गेला तर दुसरा शोधता येतो. इथे मोठ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे एक गेली की खिंडार पडतं.

2001 मध्ये प्रशिक्षक ब्रेंडन जॉईस यांच्या संघाने टाउन्सव्हिल क्रोकोडाइल्सला अंतिम मालिकेत 2-1 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. मालिकेचा मानकरी ग्लेन सॅव्हिल. दोन्ही संघ महानगराबाहेरचे, हे लक्षात ठेवा. त्यातला टाउन्सव्हिलचा संघ 2016 मध्ये बंद पडला. वुलनगाँगसारख्याच पोलादाच्या न्यूकॅसल शहराचा संघ तर त्याआधी, 1999 मध्येच, गेला होता.

हॉक्सवर ती वेळ आली 2009 मध्ये. आदल्या वर्षी सिडनी किंग्ज आणि ब्रिस्बेन बुलेट्स हे दोन मोठे संघ कोसळले होते. लीगने नव्याने मांडणी करताना अट घातली: प्रत्येक संघाने दहा लाख डॉलरची बँक हमी द्यावी. हमी म्हणजे पैसे भरणं नव्हे. बँक लीगला लिहून देते की, हा संघ मध्येच अडकला तर एवढी रक्कम आम्ही देऊ. पण ते लिहून देण्याआधी बँकेला तारण लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. संघाकडे तारण ठेवण्यासारखं असतं काय? स्टेडियम भाड्याचं आणि खेळाडू कराराचे. कर्णधार मॅट कॅम्पबेल पुढे झाले, लोकांनी वर्गणी काढली. तरी वर्गणीतून चालू खर्च भागतो, हमीला भक्कम ताळेबंदच लागतो.

तो आला आपल्या देशातून. गुजरात एनआरई ही नावात गुजरात असली तरी कोलकात्याची कंपनी. पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोकिंग कोळसा ती इलावाराच्या खाणींतून काढत होती. तिचे अध्यक्ष अरुण जगतरामका यांनी दहा लाखांची हमी दिली आणि संघ लीगमध्ये राहिला. त्याच हंगामात, 2010 साली, तो अंतिम मालिकेपर्यंत पोचला आणि पर्थकडून 1-2 असा हरला.

त्यानंतर 2014-15 च्या हंगामात संघ पुन्हा आर्थिक डबघाईला आला. अशा वेळी ऑस्ट्रेलियन कायद्यानुसार बाहेरचा प्रशासक कारभार हाती घेतो आणि ज्यांची देणी थकली आहेत त्यांच्याशी तडजोड घडवतो. त्या काळातही सामने थांबले नाहीत, हे महत्त्वाचं.

2019 मध्ये लामेलो बॉल हा अमेरिकन मुलगा आला. तो लीगच्या 'नेक्स्ट स्टार्स' या तरुण खेळाडूंसाठीच्या योजनेतून आला; तिच्यात करार लीग करते आणि संघाला तयार हिरा मिळतो. पण अनुभवी गार्ड ॲरन ब्रूक्सची टाच सुरुवातीलाच दुखावली, म्हणजे अकिलीसचा स्नायुबंध तुटला, आणि चेंडू पुढे नेण्याचा सगळा भार अठरा वर्षांच्या पोरावर पडला. बारा सामन्यांत त्याने सरासरी 17 गुण काढले, मग पायाच्या दुखापतीने तोही बसला. संघाने 28 पैकी 5 सामने जिंकले आणि तळ गाठला. पोरगा मात्र अमेरिकेच्या एनबीए लीगच्या पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसरा निवडला गेला.

2020 मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी नावातून 'इलावारा' काढून टाकलं, नुसतं 'द हॉक्स' ठेवलं. गावात संताप उसळला. तिकीट काढणारं गावच नावातून गायब केलं तर दुसरं काय होणार! पुढच्याच वर्षी नाव परत आलं.

2022-23 मध्ये 28 पैकी विजय फक्त 3. नोव्हेंबर 2023 मध्ये जस्टिन टेटम यांनी प्रशिक्षकपदाची सूत्रं घेतली, आणि मार्च 2025 मध्ये हॉक्सने मेलबर्न युनायटेडला अंतिम मालिकेत 3-2 असं हरवलं, निर्णायक पाचवा सामना घरच्याच सभागृहात. चोवीस वर्षांनी चषक आला. मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक मात्र हरलेल्या मेलबर्नच्या मॅथ्यू डेलाव्हेडोव्हाच्या गळ्यात पडलं.