टेक्सासमधला बौद्ध कैदी

दोन आठवडे एकांतकोठडी. जेवायला ब्रेड आणि पाणी. वर्तमानपत्रसुद्धा नाही. टेक्सासच्या तुरुंगातला कैदी फ्रेड क्रूझ याची तक्रार अशी, की आपल्याजवळचं बौद्ध धर्माचं साहित्य त्यानं इतर कैद्यांना वाचायला दिलं म्हणून त्याला ही शिक्षा झाली.

क्रूझ जबरी चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. आत राहून त्यानं स्वतःच कायद्याचा अभ्यास केला आणि तुरुंग खात्याचे प्रमुख जॉर्ज बेटो यांच्यावर दावा लावला. बेटो स्वतः लुथरन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते.

दाव्यात काय होतं, ते नीट ऐका. ख्रिस्ती आणि ज्यू कैद्यांना बायबल सरकारी खर्चानं मिळे. त्यांच्या धर्मगुरूंचा खर्चही सरकारचाच. बौद्धांना मात्र चॅपल, म्हणजे तुरुंगातलं प्रार्थनास्थळ, वापरायला बंदी. क्रूझला आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहायचीही मनाई. आणि प्रार्थनेला हजर राहणाऱ्या कैद्याला चांगल्या वर्तणुकीचे गुण मिळत. त्या गुणांवर तुरुंगातलं बरं काम मिळे, पॅरोलवर लवकर सुटायची शक्यता वाढे. मला ब्रेड-पाण्यापेक्षा हे गुण जास्त बोचतात. सरकारमान्य प्रार्थनेला जा, घरी लवकर जाशील, असं एखाद्या कैद्याला सांगणं म्हणजे त्याच्या श्रद्धेवर केवढा दाब!

खालच्या न्यायालयानं सुनावणीच न घेता दावा फेटाळला. अपिलातही तेच. 'तुरुंगाचा अंतर्गत कारभार' म्हणून न्यायालयांनी हात झटकण्याची रीत जुनीच होती. तिला १९६४ मध्ये धक्का बसला होता. इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात थॉमस कूपर या मुस्लिम कैद्याला धार्मिक पुस्तकं नाकारली गेली, तेव्हा त्याचा दावा ऐकलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. त्याला आधार होता १८७१ च्या नागरी हक्क कायद्याचा; हक्क डावलणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यांवर दावा लावायची मुभा हा कायदा देतो.

२० मार्च १९७२. क्रूझच्या दाव्यावर निकाल आला. रूढ धर्म पाळणाऱ्या कैद्यांना मिळते तशीच वाजवी संधी बौद्ध कैद्यालाही मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. प्रत्येक पंथाला वेगळं प्रार्थनास्थळ द्यावंच लागेल असं नाही, हेही स्पष्ट केलं. विरोधात मत दिलं ते एकट्या न्यायमूर्ती विल्यम रेंक्विस्ट यांनी.

त्या दिवशी क्रूझला चॅपल मिळालं नाही. त्याचा दावा खालच्या न्यायालयाकडे परत गेला. या वेळी साक्षीपुरावे घ्यावे लागणार होते.