‘काहीतरी चांगलं द्या’

मंडळी, वाचनालयाच्या काउंटरवर बसलं की सगळ्यात जास्त वेळा एकच वाक्य कानावर येतं, “ह्याला काहीतरी चांगलं द्या.” ‘हा’ शेजारी उभा असतो, मान खाली घालून. चांगलं म्हणजे काय, हे आईबाबांनी ठरवलेलं असतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मी आधी त्यालाच विचारतो, “कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?” आवडतं पुस्तक विचारलं तर मुलं आपल्याला बरं वाटेल ते नाव सांगतात, सोडलेल्या पुस्तकाबद्दल खरं बोलतात. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “सगळीच सोडली. त्यातली मुलं फार शहाणी असतात.” त्याला मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. फुरसुंगीचा बनेश, किडकिडीत, संकटात स्वतःहून उडी घेणारा. चार दिवसांनी पोरगा दारातूनच फेणेसारखं ‘ट्टॉक्’ करत आला. पुढच्या पुस्तकासाठी मला काही सुचवावं लागलं नाही.

एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन मला रोज लागतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘त्याचं’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. सापांचं पुस्तक चौथ्यांदा नेणाऱ्या मुलीला “तेच तेच काय वाचतेस?” म्हणू नका. ते तिचं पुस्तक आहे. नेऊ दे पाचव्यांदा.

आणखी एक गोष्ट, ग्रंथालयवाल्यांना कळकळीने सांगतो. पुस्तकं टिकावीत म्हणून आपण ती बांधून घेतो आणि मुखपृष्ठ पुठ्ठ्याआड जातं. मग मुलांच्या कपाटात सगळी पुस्तकं एकसारखी तपकिरी. जे मूल अजून अडखळत वाचतं, ते चित्र बघूनच निवडणार ना? आम्ही बाइंडरला मूळ मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगतो. काम थोडं वाढतं, पण मुलं कपाटापाशी रेंगाळू लागतात.

मोठ्यांचंही तसंच. वीस वर्षांत काही न वाचलेल्या माणसाच्या हातात सातशे पानी कादंबरी ठेवली की ती मुदत संपल्यावर न उघडता परत येते. त्याला कथासंग्रह द्या, रात्री झोपण्यापूर्वी एक कथा होईल एवढा. किंवा काहीच देऊ नका, मुलांच्या कपाटाजवळ बसू द्या.

मागच्या महिन्यात एक वडील मुलीचं पुस्तक परत करायला आले. रांगेत उभ्याउभ्या त्यांनी ते उघडलं. नंबर आला तरी मान वर होईना. मागच्या बाईंनी हाक मारली, तेव्हा दचकून पुढे आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि पुन्हा उचललं.

“हे आता माझ्या नावावर लावाल का?”